तिजोरीला कुलूप, विहिरीला कठडाच नाही

आज खताचं नाही, ठिबकच्या ऑटोमॅटिक पेटीचं लिहितो.

मे महिन्यात रात्री आमच्या पेटीत सिमवरून कंपनीचा नवा प्रोग्रॅम उतरत होता. अर्ध्यातच लाईन गेली. सकाळी पाहतो तर नुसता लाल दिवा. कांदेबाग निसवायला आलेली, पारा ४४ वर, अन् आठही व्हॉल्व बंद. तीन दिवस मी अन् सालदार हाताने व्हॉल्व फिरवत होतो. पेटी बाहेरगावच्या कंपनीची. त्यांचा माणूस फोनवर म्हणे, "बोर्ड बदला." जळगावचा मेकॅनिक म्हणे, "काका, चिप चांगली आहे, पण तिला कुलूप आहे."

कसलं कुलूप, म्हणून पुतण्याला धरलं. त्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय. मी दहावी पास, पण समजून घेतलं ते सांगतो.

चिपच्या पोटात फ्लॅश नावाची जागा असते. लाईन गेली तरी तिथलं लिहिलेलं पुसत नाही. आमच्या पेटीतली चिप एसटीएम३२एफ४ जातीची. तिला दोन प्रकारची कुलपं आहेत.

पहिलं वाचण्याचं. त्याच्या तीन पायऱ्या: ०, १ अन् २. १ लावली की बाहेरून प्रोग्रॅम वाचता येत नाही. परत ० वर आणायला गेलं की आख्खं फ्लॅश पुसलं जातं. २ लावली तर ते कुलूप कधीच निघत नाही.

दुसरं लिहिण्याचं. फ्लॅशचे सेक्टर म्हणजे वाफेच समजा. ज्या वाफ्याला हे कुलूप, तिथं चुकून काही लिहिलं वा पुसलं जात नाही. बूटलोडर, म्हणजे पेटी चालू होताच आधी उठणारा छोटा प्रोग्रॅम, अशाच वाफ्यात ठेवायचा असतो. तो शाबूत असेल तर बाकीचं बिघडलं तरी पेटी पुन्हा भरता येते.

कंपनीच्या माणसाने स्वतःच कबूल केलं की त्यांच्या अपडेटमध्ये बूटलोडरही बदलतो. म्हणजे त्यांच्या मालाला पक्कं कुलूप, अन् माझ्या पाण्याचा भरवसा उघड्यावर! चिप बनवणाऱ्याने दोन्ही कुलपं दिलीत, दोष त्याचा नाही. लिहिण्याच्या कुलपाला जादा एक पार्टसुद्धा लागत नाही.

कंपनीवाले म्हणतील, कुलूप नसलं तर कुणीही प्रोग्रॅम चोरून नकली पेटी काढेल. खरं आहे. तुमची मेहनत आहे, लावा कुलूप. पण बूटलोडरला हात लावू नका. नवा प्रोग्रॅम आधी वेगळ्या जागेत उतरवा, पूर्ण आला का तपासा, मगच जुना सोडा. अन् २ ची पायरी लावणार असाल तर बिलावर तसं लिहून द्या. उद्या तुमचं दुकान बंद झालं तर ती पेटी आमच्यासाठी भंगारच.

आपल्याकडे लाईन कधी येते, कधी जाते, हे शेंबड्या पोरालाही माहीत. ते धरून न बनवलेली पेटी खान्देशात विकूच नये.

म्हणून भाऊंनो, पेटी घेताना नुसता भाव करू नका. दोन प्रश्न विचारा: अपडेट चालू असताना लाईन गेली तर काय होतं? बूटलोडरच्या वाफ्याला कुलूप आहे का? अन् तिथंच, दुकानदारासमोर, अपडेट लावून मेन खटका पाडून बघा. खटका पाडू देत नसेल तर पेटी तिथंच ठेवून घरी या.