घरी गिअर कापायला मिनी मिलिंग नको, भंगारातलं शेपर आणा



घरी गिअर कापायचं म्हटलं की मोबाईलवरचे जाणकार चायना मिनी मिलिंग घ्या म्हणतात. माझं मत उलटं. शेतकऱ्याच्या शेडात पहिलं यायला पाहिजे ते जुनं शेपर. हळू चालतं म्हणून वर्कशॉपवाले ते किलोवर भंगारात घालतात. आपल्याला कुठं दिवसाला शंभर गिअर काढायचेत?

मागच्या उन्हाळ्यात कडबाकुट्टीच्या रोलरचा गिअर तुटला. बिडाचा, 21 दातांचा. दुकानदार म्हणाला, सुटा मिळत नाही, पूर्ण सेट घ्या, तोही आठ दिवसांनी. गोठ्यात नऊ जनावरं. आठ दिवस कोयत्यानं कडबा तोडायचा कोणी?

बाहेरचा व्यास मोजला, 69 मिलिमीटर. दातांत 2 मिळवून भागलं, 69 भागिले 23, म्हणजे मॉड्यूल 3. मिलिंगवर एका मॉड्यूलचे लहानमोठे सगळे गिअर कापायचे तर आठ कटरांचा संच लागतो. पुढचा गिअर मॉड्यूल 4 चा निघाला की परत नवा संच. शेपरला एचएसएसचं एक टूल पुरतं. जुन्या गिअरच्या न झिजलेल्या खाचेत बरोबर बसेल असं ते ग्राइंडरवर घासायचं, उजेडाकडं धरून फट दिसेनाशी झाली की झालं. माझी दोन टूलं वाया गेली, तिसरं जमलं.

काटकसर डिव्हायडिंग हेडवर मात्र करू नका. ते ढिलं असलं की दात कमी-जास्त पडतात. माझं 40 ला 1 चं आहे. 21 दातांसाठी दर दाताला एक पूर्ण फेरा आणि 21 भोकांच्या ओळीवर 19 भोकं. ईएन 8 चा गोल तुकडा गावातल्या लेथवर काढून आणला होता. खोली 6.75 मिलिमीटर, थोडी थोडी करत. अख्खा दिवस गेला, पण संध्याकाळी कुट्टी चालू झाली.

शेपर घेताना रंग बघू नका. रॅम हातानं हलवून स्लाइड किती खाल्लीय ते बघा, झाकण काढून आतल्या मोठ्या गिअरचे दात बघा. आणि मोटर सिंगल फेज बसवा, नाहीतर थ्री फेजची वाट बघत रात्री दोनला दात कापत बसाल.

रोटाव्हेटरचे, ट्रॅक्टरचे गिअर घरी कापायच्या नादाला लागू नका. त्यांना हार्डनिंग लागतं, ते दुकानातलेच घ्या.

कृषी खात्यातले साहेब वाचत असतील तर एकच मागणी. अनुदानावर यंत्र देता, तर त्याच्या पुस्तिकेत प्रत्येक गिअरचं मॉड्यूल आणि दात छापायला लावा.