मीटर स्वस्त, पट्टी महाग

दिवाळीत साताऱ्याला घरी गेलो तेव्हा बाबांच्या कपाटात ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी दिसली. उघडून आठ महिने झालेले, तरी आत बारा पट्ट्या शिल्लक! बाबा इन्सुलिन घेतात, डॉक्टरांनी रोज दोनदा साखर बघायला सांगितलीय. "अरे, उगाच कशाला संपवायच्या? बरं वाटेनासं झालं की बघतो ना मी," इति बाबा.

डबीवर छापलेलं असतं, उघडल्यावर तीन महिन्यांत वापरा. त्यात मधे अख्खा पावसाळा गेलेला. नवी डबी आणून दोन्ही पट्ट्यांवर लागोपाठ साखर मोजली. जुनी म्हणाली 142, नवी म्हणाली 96. माझ्या पोटात गोळा आला. त्या 142 वर विसंबून बाबांनी मनानेच दोन युनिट जास्त घेतली असती तर?

आता कबुलीजबाब. मागच्या वर्षी मीच दोन वीकेंड आर्डुइनो आणि सोल्डरिंग गन घेऊन 'स्वस्त ग्लुकोमीटर' बनवायला बसलो होतो. तेव्हा कळलं की मीटर फारसं काही करतच नाही. रक्तातल्या ग्लुकोजवर पट्टीवरचं एन्झाइम काम करतं, सुटलेले इलेक्ट्रॉन दुसरं एक रसायन इलेक्ट्रोडपर्यंत पोचवतं, आणि मीटर तो काही मायक्रोअँपियरचा प्रवाह मोजून आकडा दाखवतो. खरी कारागिरी पट्टीत! आणि ती काही माझ्या टेबलावर होण्यातली नव्हती.

खर्चाचंही तेच. आमचा मीटर 700 रुपयांचा, पट्टी 20 ची. रोज दोन म्हणजे अठराव्या दिवशी पट्ट्यांचा खर्च मीटरच्या पुढे जातो. प्रिंटर स्वस्तात द्यायचा आणि शाईवर कमवायचं, तोच धंदा. फरक एवढाच की शाई वाचवली तर कोणी चक्कर येऊन पडत नाही.

1970 च्या सुमाराचा एम्स कंपनीचा मीटर किलोभर वजनाचा होता. 1987 मध्ये पेनाएवढा मीटर आला. म्हणजे 'पोर्टेबल' हा प्रश्न केव्हाच सुटलाय, अडलंय ते 'परवडणारं' वर. आपल्याकडे 2014 मध्ये आयसीएमआरने आयआयटी मुंबई आणि बिट्स हैदराबाद यांच्या साथीने देशी ग्लुकोमीटर जाहीर केले, तेव्हा पट्टी 2 ते 4 रुपयांत देण्याची घोषणा होती. निदान दुखणं कुठे आहे ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

म्हणून माझं मत: स्वस्त मीटरचं डिझाइन पट्टीपासून सुरू व्हायला हवं. ब्लूटूथ, अॅप, रंगीत स्क्रीन वगैरे नंतर बघू. पट्टी एकेक वेगळ्या पाकिटात हवी, म्हणजे डबी उघडी राहायची भानगडच नको. मुदत संपलेली पट्टी मीटरने सरळ नाकारावी, ते तर आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचंच काम. आणि कुठल्याही कंपनीची पट्टी कुठल्याही मीटरला चालावी. मान्य, नुसती खाच सारखी करून भागणार नाही, कॅलिब्रेशनची माहितीही पट्टीसोबत यायला हवी. पण असले प्रोटोकॉल आपण रोजच लिहितो की!

अचूकतेत मात्र तडजोड नको. आयएसओच्या 2013 च्या मानकानुसार 100 च्या वरची 95 टक्के मापं प्रयोगशाळेच्या आकड्याच्या 15 टक्के आत हवीत. स्वस्त पट्टीलाही तीच फूटपट्टी.

असो. तूर्तास पट्ट्यांचा खर्च माझ्याकडे घेतलाय. परवा फोनवर विचारलं, तर बाबा म्हणाले, "बघतो रे, एक दिवसाआड."

काटकसर काही सुटत नाही!