'तुम्हाला हेही आवडेल'च्या बैलाला!

शनिवारची सकाळ. दुसरा चहा झालेला, लॅपटॉप मुद्दाम बॅगेतच ठेवलेला. म्हटलं, दोन तास नुसतं काहीतरी ऐकू. अ‍ॅप उघडलं तर 'खास तुमच्यासाठी' म्हणून जॅझची यादी तयारच! पहिलं 'टेक फाइव्ह'. दुसरं 'सो व्हॉट'. तिसरं 'फीलिंग गुड'. मागच्या शनिवारी हेच होतं, त्याच्या मागच्या शनिवारीही हेच. दर महिन्याला पैसे मोजतोय, तिकडे कोट्यवधी गाण्यांचा ढीग आहे म्हणे, आणि हा पठ्ठ्या मला वधू-वर सूचक मंडळासारखी तीच ती चार स्थळं दाखवतोय.

गाणी वाईट आहेत असं कोण म्हणतंय? उत्तमच आहेत. पण उत्तम संगीत तिथेच संपतं असा समज आपण करून घेतलाय, त्यावर माझा राग आहे.

हे यंत्र आतून कसं चालतं ते थोडंफार कळतं, पोटच त्यावर आहे. 'अ' ऐकणाऱ्यांनी 'ब'ही ऐकलं, म्हणून नव्या 'अ'वाल्याला 'ब' दाखवा. मूळ रेसिपी एवढीच. वरून हल्ली आवाजाच्या विश्लेषणाची वगैरे फोडणी असते. आता जी रेकॉर्ड कुणी ऐकलीच नाही तिचा डेटा नाही. डेटा नाही म्हणून ती दाखवली जात नाही. दाखवली जात नाही म्हणून कुणी ऐकत नाही. झालं, फिरत बसा गोल गोल. आणि ती का ऐकली गेली नाही, टाकाऊ होती म्हणून की कुणाच्या तरी कपाटात पडून होती म्हणून, हे त्या यंत्राला कळायला मार्गच नाही.

कपाटाचं उगाच नाही म्हणत. टीना ब्रुक्स हे नाव ऐकलंय? (बाई नव्हे, बाप्या. खरं नाव हॅरॉल्ड, टेनर सॅक्सोफोन वाजवायचा.) १९५८ ते १९६१ या काळात ब्लू नोट कंपनीसाठी त्याने स्वतःच्या नावावर चार रेकॉर्ड केल्या. त्यातली एकच, 'ट्रू ब्लू', त्याच्या हयातीत बाजारात आली. 'बॅक टू द ट्रॅक्स'ला तर क्रमांकसुद्धा दिला गेला होता, तरी ती निघाली नाही. १९७४ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी ब्रुक्स गेला. उरलेल्या तीन त्याच्या मागे निघाल्या. कंपनी जेवढं रेकॉर्ड करत होती तेवढं बाजारात आणत नव्हती, आणि असे राहिलेले इतरही बरेच होते. आता ही वाजवणाऱ्याची चूक की वाद्याची?

मला ब्रुक्स सापडला तो यंत्रामुळे नाही. फ्रेडी हबर्ड या ट्रम्पेटवाल्याची पहिली रेकॉर्ड, 'ओपन सेसमी', ऐकत होतो. पोरगा तेव्हा २२ वर्षांचा. रेकॉर्डच्या नावाचीच जी धून आहे ती मनात बसली, म्हणून रचना कुणाची ते शोधलं. टीना ब्रुक्स! सॅक्सोफोनवरही तोच. मग त्याचं नाव धरून पुढे गेलो तर 'ट्रू ब्लू', आणि तिच्यात ट्रम्पेटवर हबर्ड. पहिली १९ जून १९६० ची, दुसरी २५ जूनची. सहा दिवसांत तीच दोन माणसं, मालकी तेवढी बदललेली. एक रेकॉर्ड बऱ्यापैकी नावाजली गेली, दुसरी विसरली गेली. लागोपाठ ऐका आणि सांगा मला, दर्जात कुठे फरक सापडतो ते.

तर मुद्दा हा. चांगली पण मागे पडलेली रेकॉर्ड शोधायची असेल तर कव्हरच्या मागची नावं वाचा. पुढे ज्याचा फोटो आहे त्याला सगळे ओळखतात. मागे बारीक अक्षरात जे छापलंय तो खरा नकाशा.

'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) घ्या. जॅझ न ऐकणाऱ्यांकडेही असते ही. तिच्यात पियानोवर बिल एव्हान्स, फक्त 'फ्रेडी फ्रीलोडर' या एका तुकड्यात मात्र विन्टन केली. तो तुकडा पुन्हा ऐका, पियानो कसा मजेत, हसत हसत चालतो ते बघा. आता केलीचा माग काढा. १९६५ ची 'स्मोकिन अ‍ॅट द हाफ नोट' सापडेल. गिटारवर वेस मॉन्टगोमेरी, बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब. म्हणजे माइल्स डेव्हिसच्या मागे बसलेले तिघे इथे पुढे आलेत. काही भाग न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये प्रत्यक्ष वाजवताना टिपलेला. एका नावावरून केवढी मोठी खोली उघडली!

स्विंगमध्ये तर हा अन्याय आणखी जुना. बेनी गुडमन 'स्विंगचा राजा'. ठीक. पण राजाचे दागिने कुणी घडवले? त्याच्या बँडची संगीतरचना फ्लेचर हेंडरसन करून द्यायचा, ज्याचा स्वतःचा बँड होता आणि पैशाअभावी डबघाईला आलेला. गुडमनच्या नावाने गाजलेली 'स्टॉम्पिन अ‍ॅट द सॅव्हॉय' ही धून एडगर सॅम्पसनची. तो चिक वेबच्या बँडचा माणूस. ११ मे १९३७ ला हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये वेब आणि गुडमन यांचे बँड समोरासमोर भिडले, तेव्हा वेबची सरशी झाली असंच मानलं जातं. गुडमनची 'रोल एम' मेरी लू विल्यम्सने लिहिलेली. ही बाई अँडी कर्कच्या बँडची पियानिस्ट, आणि त्या बँडची बरीचशी रचना हिचीच. पुढे १९४५ मध्ये तिने बारा राशींवर 'झोडिअ‍ॅक सूट' केला. स्विंगवाल्या बाईने हे केलंय यावर विश्वास बसत नाही.

(एक सूचना: स्विंगचे 'अल्बम' शोधताना गोंधळ होतो. तेव्हा ७८ च्या तबकड्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. लाँग प्ले आली १९४८ मध्ये. त्यामुळे हाती लागतं ते बहुतेक नंतर केलेलं संकलन.)

सोलचीही तीच गत. मोटाउनच्या हिट गाण्यांमागे वाजवणारी जी मंडळी होती, फंक ब्रदर्स, त्यांची नावं कंपनीने मोटाउनच्या कव्हरवर छापली ती थेट १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. तोवर एक तप उलटून गेलं होतं. जेम्स जेमरसनच्या बासवर अख्खं जग नाचलं, आणि जगाला त्याचं नाव माहीत नव्हतं.

आता इथे कुणीतरी म्हणेलच, "आपल्याला काय करायचंय रे? गाणं चांगलं लागलं, संपलं. मागे कोण वाजवतंय याच्याशी काय देणंघेणं?"

ऐका हं. मागे एका ठिकाणी मी एका मॉड्यूलवर पाच महिने राबलो. डेमोच्या दिवशी शेवटच्या स्लाइडवर आभाराची नऊ नावं होती. माझं नव्हतं. "अरे, राहून गेलं" एवढंच म्हणाले. पगार वेळेवर झाला, तक्रार करण्यासारखं काही नव्हतं, पण आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही. आपल्यापैकी प्रत्येकाकडे असा एक किस्सा असतो. आणि तीच आपण मंडळी संध्याकाळी हेडफोन लावतो आणि केलीला, ब्रुक्सला, जेमरसनला 'बॅकग्राउंड' म्हणतो. वर कुणी नावं वाचा म्हटलं की वेळ नाही!

हे फक्त अमेरिकेतलं दुखणं नाही. १९५१ च्या 'अलबेला'तला तो झिंग आणणारा स्विंग आपल्या सी. रामचंद्रांचा, हे आपल्याला माहीत असतं. त्यांचा साहाय्यक चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचा अंतोनियो झेवियर वाझ, मुंबईतला नामांकित जॅझ ट्रम्पेटवाला, हे किती जणांना माहीत आहे? १९७७ पासून सगळा देश 'अँथनी गोन्सालविस' हे नाव गुणगुणतोय. ते प्यारेलाल यांच्या गुरूंचं खरं नाव होतं, गोव्याच्या व्हायोलिनवादकाचं. नाव घरोघरी, माणूस कुणालाच ठाऊक नाही.

दुसरी एक जमात आहे, तिचाही समाचार घेतो. हे फक्त दुर्मिळ ते ऐकणार. तुम्ही एखादं नाव घेतलंत की "हॅ, ते तर सगळ्यांनाच माहितीये." यांना संगीतापेक्षा कुलूप प्रिय. कपाटात राहिलेली प्रत्येक रेकॉर्ड थोर नसते, काही तिथेच बरी होत्या. पण चांगली सापडली की ती दहा जणांना ऐकवायची असते, तिच्यावर नागोबासारखं बसायचं नसतं.

शेवटी आपल्या जातभाईची गोष्ट. शिकागोचा टेरी कॅलियर. १९७२ चा त्याचा 'व्हॉट कलर इज लव्ह' ऐका. सोल, लोकसंगीत, जॅझ सगळं एका जागी, आणि त्यावर चार्ल्स स्टेपनीचा वाद्यमेळ. अल्बम खपले नाहीत. मुलीला वाढवायचं होतं, म्हणून १९८० च्या दशकात गडी प्रोग्रॅमिंग शिकला आणि शिकागो विद्यापीठात नोकरीला लागला. सहकाऱ्यांना पत्ता नव्हता म्हणे. तिकडे इंग्लंडात काही डीजे लोकांनी जुन्या रेकॉर्ड उकरून त्याला शोधून काढलं, आणि हा सुट्ट्या टाकून तिकडे जाऊन गाऊ लागला! १९९८ मध्ये 'टाइमपीस' हा नवा अल्बम आला. २०१२ मध्ये तो गेला, पण गायक म्हणून गेला. कुणीतरी कव्हर उलटून बघितलं म्हणून.

(स्टेपनीचं नाव लक्षात ठेवा. तिथून मिनी रिपर्टनच्या 'कम टू माय गार्डन'कडे वाट जाते.)

तेव्हा या शनिवारी एवढंच करा. आवडती एकच रेकॉर्ड घ्या. तिच्यात वाजवणाऱ्यांची नावं काढा. अ‍ॅपमध्ये नसतील किंवा अर्धवट असतील, तर विकिपीडिया किंवा डिस्कॉग्जवर पाच मिनिटांत सापडतात. त्यातलं तुम्ही कधीच न ऐकलेलं नाव निवडा आणि त्याची स्वतःची रेकॉर्ड लावा. पहिल्या फटक्यात जमेलच असं नाही. तीनदा करून बघा.

मी आज अर्ट टेलरच्या मागे निघालोय. 'ट्रू ब्लू'वर ड्रम्स वाजवणारा. चहा परत टाकलाय.