तासाभरावरची राजधानी

युरोपच्या सहलीला जाणारी आपली मंडळी व्हिएन्नात दोन-तीन दिवस राहतात, राजवाडे पाहतात आणि पुढच्या मोठ्या शहराकडे वळतात. त्यांतील एक दिवस राखून ब्रातिस्लाव्हाला जाऊन यावे, असे मी आग्रहाने सुचवीन. स्लोव्हाकियाची ही राजधानी व्हिएन्नापासून जेमतेम साठ किलोमीटरवर आहे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयतांनी ही सहल केली. व्हिएन्नाच्या मुख्य स्थानकावरून सुटलेली गाडी सुमारे तासाभरात पोहोचते. खास परतीचे तिकीट मिळते. त्याच तिकिटावर तेथील ट्रॅम व बसनेही हिंडता येते. सपाट शेतांमधून जाताना मार्शेग मागे पडते, मोराव्हा नदीचा पूल येतो आणि देश बदलतो. आमच्याकडे कोणी पारपत्र मागितले नाही. तरी ते जवळ असावेच. १९८९ पर्यंत याच नदीकाठी काटेरी तारांचे कुंपण होते आणि ते ओलांडू पाहणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या जात. मोराव्हा जेथे डॅन्यूबला मिळते, त्या देवीन किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे.

जुने शहर पायी पाहून होण्याजोगे आहे. प्रेसबुर्ग या नावाने ते ओळखले जाई, त्या काळात हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक येथील सेंट मार्टिन चर्चमध्ये होत. १५६३ ते १८३० अशी ही परंपरा चालली. मारिया थेरेसाला १७४१ मध्ये येथेच मुकुट चढला. चर्चच्या मनोऱ्यावर आजही सोनेरी मुकुट आहे. त्याला खेटूनच १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या पुलाचा हमरस्ता जातो. त्या रस्त्यासाठी जुनी ज्यू वस्ती आणि तिचे प्रार्थनामंदिर पाडले गेले. चौकाजवळ गटाराच्या झाकणातून डोके बाहेर काढून पाहणारा ब्राँझचा कामगार मुलांना फार आवडतो.

टेकडीवरच्या किल्ल्याच्या आवारात बसून आम्ही सोबतच्या दशम्या आणि खाकरे खाल्ले. खिशातले पन्नास सेंटचे स्लोव्हाक नाणे काढून पाहिले, तर त्यावर हाच किल्ला! स्लोव्हाकियाने युरो स्वीकारला तो १ जानेवारी २००९ रोजी. त्याआधी तेथे कोरुना होता, आणि त्या कोरुनाच्या जन्माची कथा मला या शहराइतकीच मोलाची वाटते.

बँकेच्या नोकरीत मी अनेक घरांच्या वाटण्या जवळून पाहिल्या. गोठवलेली खाती, लॉकरच्या किल्लीवरून झालेले तंटे, एकमेकांची गाठ पडू नये म्हणून वेगवेगळ्या वेळी येणारे सख्खे भाऊ! म्हणूनच १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे विभाजन रक्ताचा थेंबही न सांडता झाले, याचे मला विशेष वाटते. स्थावर मालमत्ता जेथे होती तिथल्या राष्ट्राकडे राहिली. उरलेल्या बहुतेक संपत्तीची वाटणी लोकसंख्येनुसार दोनास एक या प्रमाणात झाली. राष्ट्रगीत मुळातच झेक आणि स्लोव्हाक अशा दोन भागांचे होते. ज्याने त्याने आपापला भाग घेतला.

सारेच सुरळीत झाले, असे मात्र नाही. निर्णय नेत्यांनी घेतला, जनमत घेतले गेले नाही. चलन काही महिने सामाईक ठेवायचे ठरले होते. पण ठेवी झेक बँकांकडे वळू लागल्या आणि ८ फेब्रुवारी १९९३ रोजी चलनेही वेगळी झाली. नव्या नोटा छापून येईपर्यंत जुन्याच नोटांवर छोटे मुद्रांक चिकटवून दोन्ही देशांनी काम भागवले. संयुक्त राष्ट्राची चिन्हे कोणीही वापरू नयेत असे ठरूनही झेकांनी जुना ध्वज कायम ठेवला. स्लोव्हाकांना ते खटकले, परंतु त्यांनी त्यावरून संबंध तोडले नाहीत.

२००४ मध्ये दोन्ही देश एकाच दिवशी युरोपीय संघात आले. स्लोव्हाक विद्यार्थी आजही प्राग आणि ब्रनोच्या विद्यापीठांत मोठ्या संख्येने शिकतात. नव्या राष्ट्राध्यक्षाने पहिली परदेशभेट दुसऱ्या घराला द्यावी, अशी प्रथाही दोन्हीकडे रूढ झाली आहे.

आपल्या घरांतही वाटण्या होतात, आणि पुढेही होतील. दुकान कोणाचे, गोदाम कोणाचे, हे ठरवायला वकील आणि सनदी लेखापाल मिळतात. पहिल्या दिवाळीला कोणी कोणाच्या उंबरठ्यावर जायचे, हे मात्र भावांनाच ठरवावे लागते. कागदावर सही करण्यापूर्वीच ते ठरवलेले बरे.