देवाचें राज्य, पण शिक्का कोणाच्या हातीं ?

वाचकहो, ‘आमच्या देशावर देवाचें राज्य आहे’ असें कोणी सांगूं लागला, तर त्यास एकच विचारावें : बाबा रे, देव कांहीं कचेरींत येऊन बसत नाहीं, मग हुकुमावर शिक्का मारतो कोण? इराण देशाच्या घटनेंत ह्याचें उत्तर लिहिलेलें आहे. आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांनीं तें नीट समजून घ्यावें.

१९७९ सालीं इराणी लोकांनीं शहाची राजवट उलथून टाकली. त्या बंडांत बाजारांतले दुकानदार होते, तेलाच्या कारखान्यांतले मजूर होते. पण त्याच सालच्या घटनेनें राज्याची किल्ली धर्मशास्त्र जाणणाऱ्या एका पुरुषाच्या, म्हणजे फकीहाच्या, हातीं दिली. हाच सर्वोच्च नेता. लोकांस मत मिळालें, मजलिस नांवाचें कायदेमंडळ मिळालें; कागदावर उणें कांहीं नाहीं. मात्र मजलिसच्या डोक्यावर बारा जणांचें पालक मंडळ बसविलें. त्यांतले सहा फकीह नेत्यानें नेमावयाचे. कायदा धर्मास धरून आहे कीं नाहीं, हें ह्या सहांनींच ठरवावयाचें. नेत्यास निवडणारी एक सभा आहे आणि ती लोक निवडतात खरी. परंतु त्या सभेसाठीं कोणी उभें राहावें, हें पुन्हां पालक मंडळाच्या हातीं! घाण्याचा बैल दिवसभर चालून संध्याकाळीं जागच्या जागीं, त्यांतला हा प्रकार.

आतां जमिनीचें काय झालें तें पहा. मोठ्या जमीनदारांची जमीन कसणारांस वांटावी असा कायदा १९८० सालीं झाला. मालमत्तेस शास्त्राचा आधार आहे, अशी मोठमोठ्या आयातुल्लांनीं ओरड केली आणि त्याच वर्षीं वांटणीचें मुख्य कलम थांबलें. मजलिसनें १९८२ च्या अखेरीस पुन्हां विधेयक मंजूर केलें. पालक मंडळानें तें शरियतेविरुद्ध म्हणून परत धाडलें. शेतकऱ्यानें मत दिलें, त्याच्या प्रतिनिधीनें हात वर केला, आणि पोथी उघडून त्यास सांगण्यांत आलें कीं देवास हें पसंत नाहीं. जमीनदार हा देवाचा भारीच लाडका दिसतो !

हीच पोथी सत्तेच्या कामीं किती मऊ होते पहा. नेता हा ‘मर्जा’, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीचा शास्त्री असावा, अशी १९७९ च्या घटनेंत अट होती. १९८९ सालीं खोमेनी वारले. त्यांच्या जागीं निवडलेले खामेनी त्या पायरीचे नव्हते. त्याच सालच्या दुरुस्तींत ती अटच घटनेंतून निघून गेली. कुळाच्या वेळीं मात्र शास्त्राचा एक कानाही हलला नव्हता.

२०२१ सालीं राष्ट्राध्यक्षपदासाठीं ५९२ जणांनीं नांवें दिलीं. पालक मंडळाच्या चाळणींतून ७ उतरले. गळालेल्यांत अहमदीनेजाद हे लोहाराचे चिरंजीव होते. ते २००५ व २००९ अशा दोन वेळां राष्ट्राध्यक्ष झालेले. २००९ च्या मतमोजणीवरून लोक रस्त्यावर उतरले होते, तेव्हां त्यांची वकिली आम्हांस करावयाची नाहीं. पण आठ वर्षें राज्य चालविण्यास जो मनुष्य चालला, तो २०१७, २०२१ आणि २०२४ सालीं नुसता उभा राहण्यासही चालला नाहीं. आणि त्यास मत द्यावें कीं पाडावें, हें विचारण्याची वेळ लोकांवर आलीच नाहीं.