आठशे कोटींची मोजदाद

जगाची लोकसंख्या १५ नोव्हेंबर २०२२ रोजी ८०० कोटी झाली, असे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केले. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या हिशेबाने हाच टप्पा गाठायला २६ सप्टेंबर २०२३ उजाडले. दोन्हीकडे जाणते लोकसंख्याशास्त्रज्ञ आणि हाताशी बहुतेक तीच आकडेवारी असूनही तारखांत दहा महिन्यांचे अंतर पडले. ७०० कोटींच्या वेळीही तसेच झाले होते. राष्ट्रसंघाचे ७०० कोटी ३१ ऑक्टोबर २०११ ला भरले, अमेरिकी विभागाचे मार्च २०१२ मध्ये. यात कुणाची बेरीज चुकलेली नाही. जगातली माणसे एका दिवशी कुणी मोजतच नाही, त्यांचा हिशेब मांडला जातो, आणि कोणत्या देशाची कोणती नोंद किती भरवशाची धरायची यावर हा हिशेब महिन्यांनी मागेपुढे सरकतो.

राष्ट्रसंघाचा लोकसंख्या विभाग २३७ देश आणि प्रदेशांचा असा हिशेब ठेवतो. प्रत्येक देशाची शेवटची जनगणना पायाला धरायची, पुढच्या वर्षांतले जन्म मिळवायचे, मृत्यू वजा करायचे, आलेल्या-गेलेल्यांचा मेळ घालायचा. जिथे जन्ममृत्यूची नोंद धड होत नाही, तिथे काही हजार बायकांना भेटून विचारायचे, मुले किती झाली, त्यातली किती हयात आहेत, आणि त्या उत्तरांतून देशभराचे दर काढायचे. नवी जनगणना हाती आली की केवळ चालू आकडा नव्हे, तर मागच्या वर्षांचे आकडेही दुरुस्त होतात. म्हणजे आज आपण पाठ केलेली १९९० ची लोकसंख्या उद्या बदलू शकते. ही पद्धत प्रामाणिक आहे, आणि तिच्याइतकी चांगली दुसरी आपल्यापाशी नाही. पण तिचा पाया शेवटी कुणीतरी कुणाच्या तरी दारात जाऊन विचारलेल्या प्रश्नावर उभा आहे.

हा पाया नव्हता तेव्हाचे अंदाज पाहिले की त्याची किंमत कळते. इटलीतल्या रिच्चोली या जेझुइट खगोलशास्त्रज्ञाने १६६१ मध्ये जगात १०० कोटी माणसे असल्याचे लिहिले. वीसेक वर्षांनी इंग्लंडच्या विल्यम पेटीने ३२ कोटी सांगितली. एकाच काळातले दोघे विद्वान आणि फरक तिपटीचा. हॉलंडमधल्या डेल्फ्टचा अँटोनी लेव्हनहूक मात्र आपला आकडा कसा आला ते सांगून मोकळा झाला. सूक्ष्मदर्शकाखाली कॉड माशाच्या वीर्यातले जीव पाहून त्याला त्यांची तुलना माणसांशी करायची होती. हॉलंडची वस्ती त्याने १० लाख धरली, पृथ्वीवरची राहण्याजोगी जमीन हॉलंडच्या १३,३८५ पट धरली, आणि सगळीकडे हॉलंडइतकी दाट वस्ती झाली तर १,३३८ कोटी ५० लाखांहून जास्त माणसे मावणार नाहीत, असे १६७९ मध्ये रॉयल सोसायटीला कळवले. त्याचे प्रत्येक गृहीत समोर असल्यामुळे आजही कुणालाही तो हिशेब तपासता येतो. आकड्याबरोबर त्याची रीत सांगणे हा मला त्या पत्राचा सर्वात मोठा गुण वाटतो.

पुढे सरकारे मोजायला लागली. स्वीडनमध्ये १७४९ पासून पाद्र्यांच्या नोंदवह्यांतून लोकसंख्येचे तक्ते बनू लागले आणि सुरुवातीची काही वर्षे ते राज्याचे गुपित म्हणून दडवून ठेवले गेले. अमेरिकेत १७९० मध्ये, ब्रिटनमध्ये १८०१ मध्ये शिरगणती झाली. आपल्याकडे पेशवाईत घरे आणि माणसे मोजण्याला खानेसुमारी म्हणत. भारतभरची पहिली जनगणना १८७२ ची, पण ती सगळीकडे एका वेळी झाली नव्हती. एकाच वेळची पहिली १८८१ ची, आणि तिथून २०११ पर्यंत दर दहा वर्षांची साखळी तुटली नाही. दोन महायुद्धे, साथी, दुष्काळ आणि फाळणी यांच्यातून ती टिकली.

मोजणारा राज्यकर्ता आकड्याला घाबरला म्हणजे काय होते, ते सोव्हिएत संघाने दाखवले. स्टालिनने १९३४ च्या पक्ष अधिवेशनात देशाची लोकसंख्या १६ कोटी ८० लाख सांगितली होती. जानेवारी १९३७ मध्ये शिरगणती झाली, ती आली सुमारे १६ कोटी २० लाख. १९३४ च्या आधीच्या वर्षांत युक्रेन आणि कझाकस्तानात दुष्काळाने आणि सक्तीच्या सामुदायिक शेतीने लाखो माणसे मेली होती. आकडा त्यांचीच साक्ष देत होता. सरकारने ती जनगणना रद्द केली, तिचे निष्कर्ष दडपले, आणि ती करणाऱ्या प्रमुख संख्याशास्त्रज्ञांना अटक करून गोळ्या घातल्या. १९३९ मध्ये नवी जनगणना झाली आणि तिच्यातून हवा तसा आकडा निघाला.

एका देशाची मोजणी सगळ्या जगाचा आकडा कसा हलवते, याचे उदाहरण चीनचे आहे. १९४८ मध्ये तिथली अधिकृत लोकसंख्या ४६ कोटींच्या आसपास होती. १९५३ मध्ये पहिली आधुनिक जनगणना झाली आणि ५८ कोटींवर माणसे निघाली. बारा कोटी माणसे पाच वर्षांत जन्मली नव्हती. ती आधीपासून होतीच, कुणाच्या वहीत नव्हती. नायजेरियात विधिमंडळाच्या जागा आणि महसुलाचा वाटा डोक्यांवर ठरत असल्याने १९६२ ची आणि १९७३ ची मोजणी वादात बाद झाली. तिथली शेवटची जनगणना २००६ ची आहे. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात तर १९८४ नंतर जनगणनाच नाही. त्या वर्षी मोजलेले मूल आज चाळिशीत आहे. ८०० कोटींत काँगोचे जे कोट्यवधी लोक धरले आहेत, ते सगळे अंदाजाने धरलेले आहेत.

आता आकड्यांच्या नावांचा घोळ. १४८४ मध्ये निकोला शुके या फ्रेंच गणितज्ञाने दशलक्ष गुणिले दशलक्ष म्हणजे बिलियन अशी मांडणी केली. नंतर फ्रान्समध्येच काहींनी तीन-तीन शून्यांची रीत धरली आणि हजार दशलक्षांना बिलियन म्हटले. अमेरिकेने ही दुसरी रीत उचलली, ब्रिटन पहिलीवर राहिले, आणि एकाच इंग्रजी शब्दाची किंमत अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवर हजारपटीने वेगळी झाली. नोव्हेंबर १९२३ मध्ये महागाईने कोसळलेल्या जर्मनीत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. जर्मन माणूस त्याला ४.२ बिलियन म्हणे, अमेरिकी माणूस ४.२ ट्रिलियन. दोघेही बरोबर होते. ब्रिटिश सरकारने हा वाद डिसेंबर १९७४ मध्ये मिटवला. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी लेखी उत्तरात सांगितले की सरकारी कागदांत बिलियन म्हणजे हजार दशलक्षच समजावे. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश लोक आजही जुन्या रीतीने मोजतात, म्हणून त्यांच्या भाषांत ‘आठ बिलियन माणसे’ असे कुणी लिहिले तर जगाची लोकसंख्या हजारपट होते.

आपला ‘कोटी’ इराणात गेला आणि तिथे ‘कुरूर’ म्हणजे पाच लाख झाला. १८२८ च्या तुर्कमनचाय तहात इराणने रशियाला दहा कुरूर तोमान (इराणी चलन) खंडणी कबूल केली, म्हणजे ५० लाख. आपल्या मापाने वाचणारा ती १० कोटी वाचेल आणि तहाचा अर्थ वीसपट फुगवेल.

घरातही हेच आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व अशी दहापटींची चढती मांडणी आहे. ज्या पंडिताच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याच्या नातवाने चाळीसगावजवळच्या पाटणला मठ उभारला, त्याच्या हिशेबात परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. यजुर्वेदातल्या मांडणीत तोच परार्ध एकावर बारा शून्यांचा आहे. आपला खर्व १,००० कोटींचा, तर हिंदीतला खरब १०,००० कोटींचा. दिल्लीची बातमी मराठीत आणताना हे एक शून्य सहज गळते. बिलियनला दशलक्ष आणि ट्रिलियनला अब्ज लिहिलेल्या मराठी बातम्याही वाचायला मिळतात. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलरची करण्याचे उद्दिष्ट आपण वारंवार ऐकतो. ते एक लाख कोटी डॉलर आहेत, एवढे शेजारी लिहायला अर्धी ओळसुद्धा लागत नाही.

माझे मत असे की लोकसंख्येसाठी मराठीत कोटीच वापरावा, आणि याचे कारण भाषाभिमान नाही. ‘आठ अब्ज’ म्हटल्यावर एक टक्क्याची चूक दशांश चिन्हानंतर दुसऱ्या घरात जाऊन दिसेनाशी होते. ‘८०० कोटी’ म्हटल्यावर तीच चूक ८ कोटी माणसे म्हणून समोर येते. आकडा माणसांचा असेल, तर हुकलेली माणसे दिसतील असेच माप घ्यावे.

आपली हुकलेली माणसे किती? २०११ च्या जनगणनेचा अंतिम आकडा १२१ कोटी ८ लाख ५४ हजार ९७७. तो एककापर्यंत छापला जातो. मोजणीनंतर निवडक भागांत पुन्हा पडताळणी झाली, तेव्हा दर हजारी २३ माणसे सुटल्याचे आढळले. त्या प्रमाणात देशभरात पावणेतीन कोटींहून अधिक. मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या तेव्हा १ कोटी २४ लाख होती, तिच्या दुपटीहून जास्त. आपल्या जनगणना खात्याने ही पडताळणी केली आणि तिचा निकाल छापला, याचा मला अभिमान वाटतो.

पण त्यानंतर २०२१ ची जनगणना महासाथीमुळे टळली आणि टळतच गेली. याची किंमत रेशन दुकानात दिसते. अन्न सुरक्षा कायद्याचा लाभ देशात ८१ कोटी ३५ लाख लोकांना द्यायचा, ही मर्यादा २०११ च्या शिरगणतीवरून ठरलेली आहे. तिच्यातूनच राज्याला, जिल्ह्याला, तालुक्याला इष्टांक वाटून दिला जातो. घरात सून आली, मूल झाले, की तहसील कचेरीत अर्ज करायचा आणि ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे ऐकून परत यायचे. ते मूल राष्ट्रसंघाच्या ८०० कोटींत अंदाजाने धरलेले आहे, त्याच्या पाच किलो धान्याच्या हिशेबात मात्र नाही.

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. माणसांची प्रत्यक्ष मोजणी त्याआधी फेब्रुवारीत व्हायची आहे, आणि फेब्रुवारी हा ऊसतोडीचा हंगाम आहे. बीड, अहिल्यानगर, जालन्याच्या कित्येक गावांत तेव्हा घरांना कुलपे असतात. कुटुंबेच्या कुटुंबे सांगली-कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या फडांवर, पाचटाच्या कोप्यांत असतात. मोजणीचा पूर्ण काळ गावाबाहेर असलेल्यांना जिथे सापडतील तिथेच मोजायचे असते. गावचा प्रगणक कुलूप पाहून पुढे गेला आणि कारखान्याकडचा प्रगणक कोपीपर्यंत गेलाच नाही, तर ते कुटुंब पुढच्या मोजणीपर्यंत कुठेच नसेल.

म्हणून प्रगणक दारात आला की त्याला घाईने वाटेला लावू नका. तान्ह्या बाळाचे नाव सांगा, अंथरुणावरच्या आजीचे सांगा, माळ्यावर राहणाऱ्या भाडेकरू पोरांचेही सांगा. आजीला वय आठवत नसेल तर ‘साठ लिहा’ म्हणू नका, पानशेत धरण फुटले तेव्हा ती केवढी होती ते विचारा. साखर कारखान्यांनी आणि मुकादमांनी आपल्या टोळ्यांची यादी फेब्रुवारीपूर्वी तहसीलदारांच्या हाती द्यावी, आणि तहसीलदारांनी फडांवर वेगळे प्रगणक नेमावेत.