कारचा स्पीकर खरंच ‘उडालाय’ का? नवा घेण्याआधी हे तपासा

हिंगोली असो, वसमत असो की कळमनुरी. कारच्या एका दारातून आवाज येईनासा झाला की निदान ठरलेलं असतं: ‘स्पीकर उडाला, बदलावा लागेल.’ गाडीत कंपनीची टचस्क्रीन असेल तर गोष्ट ‘अख्खा सेटच बदला’ इथपर्यंत जाते. पण आवाज बंद होणं हे लक्षण झालं, आजार नाही. फोन, सेटिंग, कपलर, वायर, स्टिरिओ, स्पीकर... दोष कुठेही असू शकतो. तो शोधायला लागणारी माहिती कुणाच्या हातात असावी, यावर गेली काही वर्षं देशात वाद सुरू आहे. पण आधी निदान.

सुरुवात फोनपासून

ब्लूटूथवर खरखर येत असेल तर तेच गाणं पेनड्राइव्हवरून लावा, मग एफएम ऐका. खरखर फक्त ब्लूटूथवरच असेल तर स्पीकर निर्दोष आहे. फोनमधला इक्वलायझर आणि आवाज वाढवणारं ॲप बंद करून पुन्हा ऐका.

नंतर स्टिरिओच्या सेटिंगमध्ये जा. बॅलन्स आवाज डावीकडे-उजवीकडे नेतो, फेडर पुढे-मागे. एकेका कोपऱ्यात आवाज नेला की चारपैकी नेमका कोण गप्प आहे ते कळतं. इथवर एक रुपयाही लागत नाही.

मग वायर, शेवटी स्पीकर

दार उघडता-लावताना आवाज येतो-जातो? मग दार आणि बॉडी यांच्यामधली रबरी नळी तपासा. दर वेळी तिथली वायर वाकते आणि कधीतरी आतून तुटते. एक्सिलेटर दाबला की ‘सुंईऽऽ’ आवाज वाढतो? मग अर्थिंगकडे संशय न्या.

पॅनल उघडलंच तर स्टिरिओ बंद करा, स्पीकरचा कपलर काढा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवा. ४ ओहमचा चांगला स्पीकर साधारण ३ ते ४ दाखवतो. रीडिंगच नाही म्हणजे कॉइल तुटली. शून्याजवळ म्हणजे शॉर्ट. मल्टिमीटर नसेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. ‘टक्’ वाजलं तर कॉइल शाबूत आहे. सगळ्यात पक्की परीक्षा अदलाबदलीची: त्याच कपलरला तेवढ्याच ओहमचा चालू स्पीकर जोडा. तोही गप्प राहिला तर दोष मागे, वायरमध्ये किंवा स्टिरिओत आहे.

दोन गोष्टी मात्र करू नका. एअरबॅगच्या वायरिंगला हात लावायचा नाही. ते बहुधा पिवळं असतं. आणि स्पीकरची वायर बॉडीला टेकवायची नाही, त्यानं स्टिरिओ जळू शकतो.

स्पीकर खरंच उडतो तेव्हा बऱ्याचदा कारण असतं फुल व्हॉल्यूम. स्टिरिओची ताकद संपली की आवाजाच्या लहरींची टोकं कापली जातात, आवाज फाटतो आणि कॉइल तापत राहते. सवय तीच राहिली तर नवा स्पीकरही त्याच वाटेनं जातो.

नकाशा कुणाकडे?

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्टिरिओंत पांढरी वायर पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची. कंपनीच्या सेटमध्ये हे रंग गाडीप्रमाणे बदलतात. वर रिव्हर्स कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणंही त्याच स्क्रीनला जोडलेली. वायरिंगचा नकाशा नसेल तर फिटिंगवाला अंदाज करतो, आणि त्या अंदाजाचे पैसे आपण भरतो.

हा मुद्दा नवा नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं त्यांनी खुल्या बाजारापासून अडवली, हा ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगानं बजावलं. पुढे हा निकाल अपिलांत गेला.

मग डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात शेती अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं आहेत. मे २०२५ मध्ये सरकारी समितीनं ‘रिपेअरेबिलिटी इंडेक्स’चा अहवाल दिला. वस्तू उघडणं किती सोपं, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळते का, यावर मोबाइल आणि उपकरणांना गुण देण्याची ही कल्पना आहे.

माझं मत स्पष्ट आहे: गाडीतली स्क्रीन या गुणांकनात यायलाच हवी. ती चाकांवर ठेवलेला टॅबलेटच आहे. मोठ्या शहरात एक सर्व्हिस सेंटर पटलं नाही तर दुसरं गाठता येतं. औंढा किंवा सेनगावच्या माणसाची भिस्त चौकातल्या फिटिंगवाल्यावर, नाहीतर नांदेडच्या फेरीवर. नकाशा त्या चौकापर्यंत पोचला नाही तर हक्क पोर्टलवरच राहतो.

तोपर्यंत आपल्या हातात एक प्रश्न आहे. ‘स्पीकर गेलाय’ असं कुणी म्हटलं की शांतपणे विचारा, ‘दादा, मीटरवर किती ओहम दाखवतंय?’ उत्तरात आकडा आला तर ते निदान. नाही आला, तर पाकीट खिशातच ठेवा.